सात अक्षरांचं आडनाव, आठ अक्षरांचं आडनाव: अमळनेरच्या एका छापखान्याचं प्रकरण

लग्नपत्रिकेवर नवरदेवाचं आडनाव चुकलं होतं. 'बऱ्हाटे' हवं होतं, छापलं गेलं 'बर्हाटे'. ह ला मागून टेकणारी र ची चंद्रकोर उडाली आणि ह च्या डोक्यावर रफार होऊन बसली. सातशे पत्रिका छापून, घड्या घालून, पाकिटांसकट बांधून ठेवलेल्या होत्या. नवरदेवाचे काका न्यायला आले, गठ्ठ्यातली एक पत्रिका उघडली, आडनावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नाना, हे आमचं आडनाव नाही." आवाज चढवला नाही, पैशांचं बोलले नाहीत. नानांना तेच जास्त लागलं.

ही गोष्ट गेल्या लग्नसराईतली, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा दिवस उरले असतानाची. छापखाना अमळनेरचा. मालक माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे नात्यानं मामा. पण सगळा बाजार त्यांना नाना म्हणतो, म्हणून मीही नानाच म्हणतो. मी धुळ्यात लहान दुकानांची, पतसंस्थांची संगणकाची कामं बघतो. नानांचा फोन आला तेव्हा त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "मी सोता वाचं व्हतं भो. आठे बरोबर दिखस, तठे कसं काय चुकस?" 'आठे' म्हणजे फोनवर, 'तठे' म्हणजे छापताना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी अमळनेरला गेलो आणि पुढचे दोन महिने जमेल तसा जात राहिलो. तिथं काय सापडलं, काय केलं आणि त्यातलं काय फसलं ते सविस्तर लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कितीतरी छापखान्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत, शाळांच्या ऑफिसांत हाच ताप रोज चालतो आणि 'कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे' म्हणून सोडून दिला जातो.

छापखाना

नाना सत्तरीला टेकलेत. पंधराव्या वर्षी खिळे जुळवायला बसले. देवनागरीच्या केसमध्ये इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खाने. काना वेगळा, रफार वेगळा, अर्धी अक्षरं वेगळी. न बघता योग्य खान्यात हात जायला वर्ष-दीड वर्ष लागायचं. पुढे ट्रेडल, म्हणजे खिळ्यांचं जुनं छपाईयंत्र, गेलं, मिनी ऑफसेट आलं, नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी, आलं. आज तिथं लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, उत्तरकार्याच्या पत्रिका, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या काटा पावत्या असं सगळं छापलं जातं. संगणकावर बसतात त्या नानांच्या सूनबाई, माझ्या वहिनी. नानांचा मुलगा मशीनवर असतो.

संगणक दोन. एक बऱ्यापैकी नवा. दुसरा जुना, आणि खरं काम त्याच्यावरच, कारण मराठी फॉन्टचं जे पॅकेज वर्षानुवर्षं वापरात आहे त्याचं 'लॉक' त्या यंत्राला जोडलेलं आहे. हे लॉक म्हणजे अंगठ्याएवढा एक तुकडा; तो काढला की मराठी बंद. नव्या विंडोजवर ते पॅकेज चालत नाही. त्यामुळे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना, वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी जीव धरायचा तो या जुन्या संगणकाचा, मग पंख्याचा.

वहिनींचा हात या जुन्या कळफलकावर इतका बसलाय की बघत राहावं. त्यामुळे 'नवं सॉफ्टवेअर घ्या' हा सल्ला पहिल्या दिवशी देणं मला पटलं नाही. ज्या हातात दहा-बारा वर्षांचा वेग आहे तो एका दुपारीत मोडून टाकायचा, तोही ऐन लग्नसराईत, हे चुकीचंच होतं.

एकच शब्द, दोन फोन

आधी नानांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो. काकांनी पाठवलेला मूळ मेसेज वहिनींच्या फोनवर होता. त्यात 'बऱ्हाटे' अगदी बरोबर दिसत होतं. मी माझ्या फोनवरून तेच आडनाव टाइप करून वहिनींना पाठवलं. दोन्ही शब्द नव्या संगणकावर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवले. डोळ्यांना काडीचा फरक नाही. मग दोन्ही शब्द त्यांच्याकडे असलेल्या कन्व्हर्टरमधून काढले; फोनवरचा मजकूर छापखान्याच्या जुन्या फॉन्टला चालेल असा तो करून देतो. माझा शब्द 'बऱ्हाटे' असाच उतरला. काकांचा शब्द 'बर्हाटे' झाला.

मग मी कर्सर शब्दाच्या शेवटी ठेवला आणि बॅकस्पेस मोजत दाबला. माझा शब्द सात दाबांत पुसला गेला. काकांचा आठ दाबांत. नाना मागे उभे होते. त्यांनी परत मोजायला लावलं. परत सात आणि आठ.

हे आठवं काय? युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक असतो आणि फोन तो क्रमांक साठवतो. चित्र नंतर काढलं जातं. ऱ या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. ब, ऱ, हलन्त, ह, काना, ट, मात्रा: सात. पण तेच चित्र दुसऱ्या वाटेनंही काढता येतं: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे 'शून्य रुंदीचा जोडक' नावाचं एक अदृश्य चिन्ह. युनिकोडच्या २.० या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही वाट आजही अधिकृतपणे मान्य आहे. फोनचे कळफलक वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले. कुणी ही वाट धरतो, कुणी ती. लिहिणाऱ्या माणसाला हे कधीच कळत नाही, कळायचं कारणही नाही. छापखान्यातला कन्व्हर्टर मात्र पहिलीच वाट ओळखत होता. अदृश्य चिन्ह त्याला समजलं नाही, त्यानं ते टाकून दिलं. उरला र, हलन्त आणि ह, आणि त्या तिघांचं मिळून रफार होणार हा तर देवनागरीचा नियमच.

पुढे एका पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात तिसरी वाटही सापडली: साधा र आणि त्याच्याखाली वेगळा नुक्ता. युनिकोड तिला ऱ च्या बरोबरीचीच मानतं. कन्व्हर्टर तिथं र खाली टिंब छापत होता.

इथं थोडं थांबून सांगावंसं वाटतं. ही चंद्रकोर हिंदीला लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागते. दर्या आणि दऱ्या हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. लग्नाच्या मजकुरात तर नवऱ्या मुलापासून वऱ्हाडी मंडळींपर्यंत ती आहेच. आणि आपल्या भागाची गावं बघा: भुसावळ तालुक्यातलं कुऱ्हे पानाचे, पाचोऱ्याकडचं कुऱ्हाड, शिरपूरकडचं तऱ्हाडी, सीमेपलीकडचं बऱ्हाणपूर. स्वतः 'पाचोऱ्याकडचं' म्हणतानाही ती आली. सोयरिकी या सगळ्या गावांत होतात, म्हणजे पत्रिकाही त्यांच्याच. जे अक्षर चुकण्याची सगळ्यात जास्त शक्यता, नेमकं तेच आमच्या माणसांच्या आणि गावांच्या नावात बसलेलं. आडनाव चुकलेली पत्रिका घरोघर वाटायची नसते, आणि कुणी वाटायला सांगूही नये.

जुन्या फॉन्टमध्ये नक्की काय असतं

हे कन्व्हर्टर लागतातच कशाला, हा पुढचा प्रश्न. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. तिची मांडणी आपल्याकडच्या १९८८च्या इस्की या भारतीय लिपींसाठीच्या संकेतावर बेतलेली. पण छापखान्यांची सॉफ्टवेअरं पुढे कितीतरी वर्षं तिथवर पोचली नव्हती. तोवर लोकांनी वेगळी युक्ती केली: साठवायची इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्टमध्ये त्यांच्या जागी मराठी आकार भरायचे. कृतिदेव फॉन्टचं उदाहरण घ्या. त्यात 'भारत' लिहिलं की संगणकाच्या पोटात मोठा एच, मग के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट बदलला की ती पाच अक्षरं उघडी पडतात.

या युक्तीनं हजारो छापखाने चालले, आणि मला तिच्याबद्दल आदरच आहे. तिच्यामुळे मराठी छपाई पंचवीस-तीस वर्षं थांबली नाही. पण तिच्यात चित्राचा क्रम चालतो, उच्चाराचा नाही. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून टाइपही आधी होते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये र आधी. म्हणजे कन्व्हर्टरला नुसतं एकाचं दुसरं करायचं नसतं, अक्षरं उचलून पुढेमागे ठेवायची असतात. 'उपस्थिती' या शब्दात वेलांटीला स आणि थ दोघांना ओलांडून पलीकडे जावं लागतं. 'ॲड.' मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, ५.१ आवृत्तीत, त्याआधी बनलेल्या कन्व्हर्टरच्या तक्त्यात तो नसणारच. निमंत्रकांच्या यादीत एखादे वकीलसाहेब असले की त्यांच्या नावाआधी चौकोन यायचा तो यामुळे. आणि नवरदेवाची पदवी कुणी इंग्रजीत लिहिली, तर जुन्या फॉन्टमध्ये तिचे काहीतरी भलतेच मराठी आकार होणार.

वहिनींची वही

एवढं कळल्यावर मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मजकूर आपोआप दुरुस्त करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली असती आणि प्रकरण तिथं संपलं असतं. पण एक गोष्ट खटकत होती. नाना खोटं बोलत नव्हते. त्यांनी प्रूफ वाचलं होतं, आणि चंद्रकोर उडालेली त्यांच्या नजरेतून सुटेल हे मला पटेना. मग ती सुटली कशी?

म्हणून वहिनींना एक वही दिली. सांगितलं, आठ दिवस प्रत्येक पत्रिकेवर कशाला किती वेळ गेला ते लिहा, आणि हात कुठं थांबला तेही. वहिनींनी ती वही इतकी नेटकी ठेवली की माझं अर्धं काम तिथंच झालं. तिच्यातल्या एकाच पत्रिकेच्या नोंदी सांगतो.

सकाळी सव्वाअकराला मजकूर आला: दोन मेसेज, एक वहीच्या पानाचा फोटो, एक आवाजातला निरोप. तुकडे गोळा करून जुळवायला २५ मिनिटं. कन्व्हर्ट करायला २. कन्व्हर्टनंतरच्या चुका काढायला ३५. प्रूफचा फोटो पाठवला. दुपारी साडेचारला पलीकडून अख्खा मजकूर नव्यानं आला, वर लिहिलेलं: 'हा फायनल.' त्यात बदल फक्त दोन होते, पण ते कोणते हे सांगितलेलं नव्हतं. वहिनींनी सगळा मजकूर परत कन्व्हर्ट केला आणि सकाळी काढलेल्या त्याच चुका परत काढल्या: ३० मिनिटं. रात्री पावणेअकराला 'किलबिल'मध्ये दोन नावं वाढवून तिसरा 'फायनल' आला. दरम्यान सोळा फोन, बहुतेक "झालं का?" विचारणारे.

टायपिंगला त्या दिवशी जवळपास शून्य मिनिटं गेली होती. बहुतेक वेळ त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा काढण्यात गेला होता.

मग बऱ्हाट्यांच्या पत्रिकेचे मेसेज परत तपासले. तिथंही तीन 'फायनल' होते. पहिल्या दोन वेळा वहिनींनी 'बऱ्हाटे' हातानं दुरुस्त केलं होतं. नानांनी वाचलं ते दुसऱ्या फेरीचं प्रूफ. त्यात आडनाव बरोबरच होतं. तिसरा मजकूर रात्री अकराला आला, घरच्यांनी तो स्वतःच्या फोनवर वाचून 'ओके' कळवलं, आणि फोनवर तर तो बरोबरच दिसत होता. सकाळी ट्रेसिंग, म्हणजे ज्यावरून छपाई होते तो पारदर्शक कागदावरचा प्रिंट, काढायची घाई होती. वहिनींनी मजकूर टाकला, बाकीचं तपासलं, आडनावाकडे परत बघितलं नाही. "ते तर मी दोनदा नीट केलं होतं," त्या म्हणाल्या. डोक्यात ते काम झालेलं होतं.

मला हे या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अदृश्य चिन्ह हे निमित्त. दुरुस्ती एका प्रतीत व्हायची आणि पुढचं काम दुसऱ्या प्रतीवर सुरू व्हायचं, नुकसान तिथं होत होतं. नाना, वहिनी आणि पलीकडचे काका, तिघांनीही मजकूर काळजीनं वाचला होता. तिघांनी तीन वेगवेगळे मजकूर वाचले होते.

जे केलं, आणि जे फसलं

पहिला प्रयत्न माझाच होता आणि तो फसला. मी एक ऑनलाइन फॉर्म बनवला: वर-वधूची नावं, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, प्रत्येकाला वेगळी चौकट. आठवड्यात तो एकानं अर्धा भरला. कारण मला नंतर उमगलं. पत्रिकेचा मजकूर एक माणूस लिहीत नाही. अख्खं घर ओट्यावर बसून तो ठरवतं. कोणाचं नाव कोणाच्या आधी, कोणाला 'कै.' आणि कोणाला 'श्री', मामाकडच्यांना किती ओळी, हे बोलून, थोडं भांडून, पुसून लिहिलं जातं. त्याला चौकटी चालत नाहीत. फॉर्म काढून टाकला. बोलून टाइप करण्याचा प्रयोगही एक दिवस केला. साधी वाक्यं ठीक उतरली, आडनावांचं पार मातेरं झालं.

स्क्रिप्ट मात्र लगेच उपयोगी पडली. आलेला मजकूर तिच्यात चिकटवला की ती चंद्रकोरीच्या तिन्ही वाटा एकीवर आणते, ॲ ला जुन्या तक्त्याला कळेल अशा रूपात बदलते, आणि इंग्रजी अक्षरं दिसली तर ती ओळ लाल करून दाखवते. पदव्या आता मराठीतच छापायच्या, 'बी.ई.', 'एम.एस्सी.' अशा, कुणी हट्ट धरला तर तेवढाच शब्द इंग्रजी फॉन्टमध्ये. स्क्रिप्ट लिहायला एक संध्याकाळ गेली. मोठं काम पुढचं होतं, आणि ते सवयीचं होतं.

प्रत्येक पत्रिकेची एकच मूळ फाइल, नव्या संगणकावर, युनिकोडमध्ये. पहिला मजकूर तिच्यात एकदाच येतो. नंतर गिऱ्हाइकानं अख्खा मजकूर परत पाठवला तरी तो चिकटवायचा नाही. संगणकावर दोन्ही शेजारी लावून फरक काढायचा आणि तेवढाच शब्द बदलायचा. प्रूफ आता फोटोनं जात नाही, कारण फोटो दाबला जाऊन अनुस्वार आणि वेलांट्या पुसट होतात. ते पीडीएफ म्हणून, डॉक्युमेंटच्या वाटेनं जातं, आणि ज्या पानावरून ट्रेसिंग निघणार त्याच पानाचं असतं. मंजुरी फक्त त्या पीडीएफवर. 'मेसेजमध्ये वाचलं, बरोबर आहे' ही मंजुरी धरायची नाही.

प्रूफच्या डाव्या कडेला ओळींचे क्रमांक घातले. ही कल्पना वहिनींची. "ओळ १७ मध्ये काकांचं नाव आधी घ्या" असे निरोप दुसऱ्याच दिवसापासून यायला लागले. म्हातारी माणसंसुद्धा आवाजातल्या निरोपात ओळीचा नंबर सांगतात. मी दोन महिन्यांत जे काही सुचवलं त्यापेक्षा या एका गोष्टीनं जास्त वेळ वाचवला, हे मनापासून सांगतो.

फोनचा प्रश्न घराचाही होता. गिऱ्हाइकांचे मेसेज, मुलांच्या शाळेचा ग्रुप आणि माहेरचा ग्रुप एकाच फोनवर. वहिनी जेवता जेवता किलबिलची नावं वाचायच्या आणि शाळेची सूचना राहून जायची. दुकानासाठी वेगळा नंबर घेतला, त्यावर व्हॉट्सॲपचं व्यवसायाचं ॲप टाकलं, प्रत्येक पत्रिकेला 'मजकूर आला', 'प्रूफ गेलं', 'मंजूर', 'छापलं' अशी लेबलं लावली. रात्री नऊला तो फोन दुकानातच बंद होतो. नानांना हे अजिबात पटलं नव्हतं. "गिऱ्हाईक दुसराकडे चाली जाई," ते म्हणाले. पहिल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक खरंच गेलंही. नंतर कुणी गेल्याचं आढळलं नाही, कारण रात्रीच्या निरोपाला सकाळी साडेनऊच्या आत नेमानं उत्तर जाऊ लागलं.

वाचनाची जुनी पद्धत नानांनीच परत आणली. खिळ्यांच्या काळात एक जण मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रूफवर बोट फिरवायचा. आता वहिनी गिऱ्हाइकाचा मूळ मेसेज वाचतात, नाना छापील प्रूफवर भिंग धरतात. नावं आणि गावं तेवढीच, बाकीचा मजकूर नाही. दहा मिनिटं लागतात. शब्दात चंद्रकोर आली की वहिनी थांबतात, नाना "शे", म्हणजे 'आहे', म्हणतात, मग पुढे.

नव्या सॉफ्टवेअरचं काय झालं

शेवटी ते आलंच, पण अर्ध्या कामापुरतं. पानजुळणीची नवी सॉफ्टवेअरं युनिकोड देवनागरी नीट जोडून दाखवतात, म्हणजे कन्व्हर्टरची गरजच उरत नाही. अखाजी उलटल्यावर नव्या संगणकावर पत्रिकांचं काम तसं सुरू केलं. वहिनींनी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कळफलक शिकायला घेतला. त्यात र च्याच कळेवर शिफ्ट धरला की ऱ येतो, पुढे हलन्त आणि ह. हे त्यांना पहिल्याच दिवशी आवडलं, कारण चंद्रकोरीला कुठली युक्ती करावी लागत नाही. वेग मात्र पहिले तीन आठवडे निम्म्यावर आला होता. लग्नं कमी असलेल्या दिवसांत बदल केला म्हणूनच तो झेपला.

या बदलात अजून एक जुनी सवय सापडली. जळगावला प्लेटसाठी फाइल पाठवायची तर तिथं आपला फॉन्ट नसला म्हणून अक्षरं बदलू नयेत, यासाठी सगळे जण अक्षरांचे 'कर्व्ह' करून पाठवतात. अक्षरं मग अक्षरं राहत नाहीत, नुसत्या रेषा होतात. ते बरोबरच आहे. पण नानांकडे कर्व्ह केलेली प्रत मूळ प्रतीवरच सेव्ह व्हायची. म्हणून वर्षानं कुणी तेच बिलबुक परत छापायला आलं आणि पत्त्यातला एक आकडा बदलायचा असला, तरी सगळं नव्यानं टाइप करावं लागायचं. आता प्लेटची प्रत वेगळ्या नावानं, वेगळ्या फोल्डरमध्ये.

जुना संगणक अजून आहे. बिलबुकं आणि पावतीपुस्तकांच्या शेकडो फाइली त्याच्यातच उघडतात, आणि त्या सगळ्या एकदम बदलण्याचा विचार मी नानांना करू दिला नाही. जे गिऱ्हाईक परत येईल त्याची फाइल तेव्हा बदलायची, बदलली की ओळीओळीनं वाचायची, मग जुनी फाइल बाजूला काढायची. लॉकचा तो तुकडा खराब झाला तर काय, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून जी बिलबुकं दर वर्षी लागतात त्यांच्यापासून सुरुवात केली आहे. त्यांची यादी कागदावर लिहून संगणकाच्या मागच्या भिंतीवर लावली आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा एकतीस नावं खोडलेली होती.

बऱ्हाट्यांच्या सातशे पत्रिका नानांनी त्याच रात्री स्वखर्चानं परत छापल्या. कोरी कार्डं कमी पडली, ती मुलानं पहाटे जळगावहून आणली. चुकलेल्या पत्रिकांचा गठ्ठा रद्दीत दिला नाही, त्यावर दोघांची नावं होती म्हणून. त्यातली एक नानांनी ठेवून घेतली आणि वहिनींच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवली, आडनावाची बाजू वर करून. नवं कुणी काम शिकायला आलं की नाना ती दाखवतात आणि बॅकस्पेस मोजायला लावतात.